मामांनी सुरी खाली ठेवली

माझे मामा कत्तलखान्यात आम्हा ज्यू मंडळींसाठी धर्माच्या नियमाने जनावरं कापत. अंगाने पाप्याचं पितर, बोलणं मऊ. नवख्या माणसाला ते शिंपी वाटत. जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून सुरीच्या धारेला केसाएवढीही खाच चालत नाही. त्यामुळे दर जनावराच्या आधी आणि नंतर मामा धार बोटाच्या पेरावरून, नखावरून फिरवून बघत. मग जनावराच्या छातीत हात घालून फुफ्फुसं चाचपत. तिथे भोक लागलं, तर चांगला धष्टपुष्ट बैलही बाद! मालक कपाळाला हात लावी, मामा शांतपणे हात धुवायला जात.

त्यांच्या धाकटीचं लग्न ठरलं. जेवणासाठीचा बैल तेच कापणार होते. मांस आणायला मीही बरोबर गेले. मामांनी बोटावरून धार फिरवली आणि थांबले. पुन्हा फिरवली. मग सुरी पुसून फळीवर ठेवून दिली.

"काय झालं मामा? खाच लागली?"

"नाही गं. काहीच लागलं नाही. धारसुद्धा नाही."

मोठ्या तापातून उठल्यापासून त्यांची बोटं बधिर होत चालली होती, हे तेव्हा आम्हाला कळलं.

मुकादम वैतागला. "अहो, घरचं कार्य आहे! सुरी तर आरशासारखी लखलखतेय. कुणाला कळणार आहे?"

मामांनी एप्रनची गाठ सोडली.

शेजारच्या गावाहून दुसऱ्या कापणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी मामांची सुरी तपासली. धार निर्दोष होती. त्यांनी तीच सुरी वापरली.

हे ऐकून मामी उखडली. "झालं समाधान? उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला! आता मुकाट्याने कामावर जा."

"सुरी चांगली आहे हे त्यांना कळलं," मामा म्हणाले. "मला कळलं नव्हतं."

कुणी पकडलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आणि या माणसाने जन्मभराचं काम उभ्या उभ्या सोडलं होतं.

लग्नात ते दोनदा वाढून घेऊन जेवले.

"आता पोट सुटेल हं," मामीने डोळे वटारले.

"सुटू दे. त्यालाही कधी सुट्टी नव्हती."

पुढे ते कोशेर, म्हणजे आमच्या धर्माला चालणाऱ्या मांसाच्या दुकानात लागले. आम्हाला रक्त वर्ज्य, ते उतरावं म्हणून मांसाला मीठ चोळायचं काम. त्याला बधिर बोटं चालत.