मी पुसलेल्या चार ओळी

ग्वाल्हेर म्हटले की मला आधी एक आवाज आठवतो. टोपी बाजारातल्या एका दुकानात लाकडी हातोड्याने गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत वडी) कुटत होते. दोन जड थापा, मग एक हलकी. आणि हवेत भाजलेल्या तिळांचा खरपूस वास. एरवी मी तिथे रेंगाळले असते, त्या ठेक्यात शब्द बसवून पाहिले असते. त्या सकाळी मात्र पुडा बांधून घेतला आणि निघाले. मी माफी मागायला आले होते.

कुमुदताई या निवृत्त गणितशिक्षिका. कवितेच्या ओळीतली लघु-गुरू अक्षरे मोजून वृत्त ओळखणारे सॉफ्टवेअर त्यांनी लिहिले आणि सर्वांना खुले केले. सोबत चार ओळींची अट होती: कोणीही वापरा, हवे तसे बदला, पुढे द्या; पण माझे नाव आणि ही अट राहू द्या, आणि ज्याला द्याल त्यालाही एवढीच मोकळीक द्या.

आमच्या साहित्यसंस्थेनेही ते आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. मग ही संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. दोन संकेतस्थळांचे एक करताना मजकूर नीटनेटका करायला माझ्याकडे आला. त्या चार रुक्ष ओळी पानाच्या देखणेपणाला खुपत होत्या. मी त्या पुसल्या. माझ्या कवितेतला स्वल्पविराम कोणी हलवला तर आठ दिवस अबोला धरणारी मी! रिकाम्या जागी कार्यालयाने ‘सर्व हक्क राखीव’ असे घातले, आणि आमच्या वकिलाने खुद्द कुमुदताईंनाच नोटीस धाडली: हे सॉफ्टवेअर आमचे आहे, वाटणे थांबवा. नोटिशीची प्रत हाती आली, तेव्हा मी पुसलेल्या ओळींतले नाव त्यात मी ओळखले.

कुमुदताई राहतात ते हरिशंकरपुरम सांगूनही, माझ्या हातातला नोटिशीचा लिफाफा पाहून रिक्षावाल्याने मला सिटी सेंटरला, कोर्टापाशी उतरवले. “लिफ़ाफ़ा वकील का देखा, मैडम. ऐसे लोग सब यहीं उतरते हैं.” मी निमूट पुन्हा रिक्षात बसले.

दार कुमुदताईंच्या भाचीने उघडले. माझे नाव ऐकताच ती आत वळून म्हणाली, “मावशी, त्या नोटीसवाल्या आल्यात. बैठने को बोलूँ, कि पहले अपना वकील बुलाऊँ?”

“बसव त्यांना. चहा ठेव,” आतून आवाज आला. “आणि साखर पूछ लेना.”

मी रात्र रात्र जागून लिहिलेले माफीपत्र पुढे केले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले.

“सुरेख लिहिता हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पण त्या ओळी परत कधी लावणार, हे तर यात कुठेच नाही.”

मी पत्र परत घेऊन त्याची घडी घातली.

“माझं नाव गेलं, वाईट वाटलं. पण कोणी पोरगी उद्या यात काही नवं जोडायला बसली, तर तिला तुम्ही कुलूप दाखवणार. मी तर दार उघडं ठेवलं होतं न?”

“तुमच्या लोकांनी यात बदल केले असतील,” भाची म्हणाली. “ते पण खुले करा. आधा-अधूरा नहीं चलेगा.”

चहा आला. त्यात आले होते, वेलची होती. मला चव लागली नाही. गजकेचा पुडा पिशवीतच राहिला. तो काढण्याचा धीर झाला नाही.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर मोहरीची पिवळी शेते धावत होती आणि मी त्यांच्यासाठी विशेषणे शोधत होते. मग लाज वाटली. पश्चात्तापाचेही मी असेच केले होते: शब्द निवडले, कृती विसरले.

घरी येताच समितीपुढे उभी राहिले. ओळी मीच पुसल्या, हे सांगितले. चिटणीस म्हणाले, “नाव घालू, आपले बदल कशाला द्यायचे?” मी अट वाचून दाखवली, आणि ती मान्य होईपर्यंत खाली बसले नाही. नोटीस मागे घेतली गेली, अट आणि नाव पानाच्या माथ्यावर आले, आमचे बदलही खुले झाले.

मी कुमुदताईंना फोन केला. “ताई, सगळं जागेवर लावलंय.” त्या क्षमेचा शब्द उच्चारतील, अशी वेडी आशा मला होती.

“तपासते.”