रांगेतल्या बालद्यांची फिल्म

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत उन्हाळा लागला की पाणी वर चढायचं नाही. खाली पंपाच्या खोलीशेजारी एक नळ होता, त्याला संध्याकाळी पाणी यायचं. रांग मात्र सकाळीच लागायची, माणसांची नव्हे, बालद्यांची. प्रत्येक बालदीवर ऑइलपेंटने खोलीचा नंबर घातलेला. बालदी ठेवून माणसं कामाला जायची आणि बालदी त्यांची जागा धरून बसायची.

या रांगेची मी फिल्म केली. तिच्यावरून ऐंशीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात जे झालं, ते लिहिते आहे.

कॅमेरा दिराचा. आखातातून येताना त्याने व्हिडिओवाला आणला आणि आपला जुना, छोट्या रिळाचा, मला दिला. "मुलांचे वाढदिवस काढ, वहिनी," म्हणाला. एक वाढदिवस काढला. सगळे कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभे. मग मी मटारच्या शेंगा घेतल्या. एक फ्रेम घ्यायची, दाणा जरासा सरकवायचा, पुन्हा एक फ्रेम. फिल्म धुऊन आली तर दाणे शेंगेतून उतरून आपले आपण पातेल्यात निघालेले. त्यानंतर मी वाढदिवस काढले नाहीत.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळपाळीला होते, म्हणजे दुपार माझी. कोणती वस्तू, कुठून कुठे न्यायची, उजेड कधीपर्यंत टिकतो, हे आधी कागदावर मांडायचं आणि झालं तसं खोडायचं. चपला झाल्या, दोरीवरचे चिमटे झाले. मग बालद्या.

कॅमेरा पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीच्या कठड्याला परकराच्या नाडीने घट्ट बांधला. खाली जायचं, बालद्या वीतभर सरकवायच्या, वर यायचं, बटण दाबायचं. गोष्ट साधी होती: मागच्या बालद्या हळूहळू पुढे घुसतात आणि नळाला वेढा घालतात.

एक गोष्ट मी धरली नव्हती. आमच्याकडे रांगेतली बालदी जराही हलली तर बाया गप्प बसत नसत. मी जिना चढेपर्यंत कोणीतरी येऊन आपली बालदी होती तिथे ठेवून जायची. तळमजल्यावरच्या मालवणी काकींनी तर दोनदा ठेवली आणि खालूनच ओरडल्या, "माझ्या बालदीक हात कोण लावता गो?"

"मी लावतेय काकी, फिल्म काढतेय."

"फिल्म काढ नाय तर फोटो काढ. माझो नंबर तिसरो."

माझा कागद निकामी झाला. पण बटण दाबत राहिले. आत कुकर लावलेला, निम्मं लक्ष शिट्ट्यांकडे. खाली काय चाललंय ते प्रत्येक वेळी बघतही नव्हते.

फिल्म धुऊन आली आणि घरातल्या भिंतीवर लावली तेव्हा मी हसून हसून खाली बसले. बालद्या पुढे घुसत होत्या आणि मधेच झटक्याने मागे येत होत्या. दोन पावलं पुढे, एक मागे, जणू आपसात भांडतायत. हे मला सुचलं नसतं. आणि मध्यावर, डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ, एक हात. त्या हाताने एक निळी बालदी थेट नळाखाली ठेवलेली. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळाची तबकडी. अशी तबकडी आत वळवून घड्याळ घालणारा सोसायटीत एकच माणूस होता, आमचे सेक्रेटरी.

एक मे रोजी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असे. संध्याकाळी मुलांचे नाच, कोणाचं गाणं. त्या कार्यक्रमात फिल्म दाखवावी म्हणून मी नाव दिलं होतं. सगळं आधी सेक्रेटरींनी बघायचं असा रिवाज, म्हणून ते घरी आले. मिस्टर शेजारी बसले होते. हात आला आणि गेला. सेक्रेटरींनी चहा संपवला.

"वहिनी, मेहनत आहे. पण बारसं, मुंज, लग्न यांची फिल्म काढतात. बालद्यांची कोण काढतं?"

"बारसं एकदाच होतं. पाणी आपण रोज भरतो."

"मधला तुकडा काढून टाका. तेवढा खराब झालाय. मग दाखवू."

"खराब कुठे? स्वच्छ दिसतंय."

"काढा म्हणतो ना."

ते गेल्यावर मिस्टर म्हणाले, "काप ना. इवलासा तुकडा आहे. पूजेच्या दिवशी कशाला वाद?" मिलचा संप त्यांनी शेवटपर्यंत धरला होता आणि आता चारकोपच्या एका कारखान्यात नव्याने लागले होते. वाद म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"या फिल्मला निगेटिव्ह नसते," मी म्हटलं. "ही एकच प्रत. कापलं की गेलं. आणि आज त्यांचा हात कापला, तर उद्या काकींची बालदी कापायला सांगतील. मग उरेल काय, नळ?"

त्यांनी चहाचे कप उचलून मोरीत ठेवले. मग म्हणाले, "संप मी कोणाला विचारून धरला नव्हता. तूही विचारू नकोस."

मी सेक्रेटरींना निरोप पाठवला: अख्खी, नाहीतर नाही. उत्तर आलं: नाही. पूजेला भाड्याने व्हीसीआर आणून एक धार्मिक सिनेमा लावला. मी प्रसाद घेतला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, पाणी यायच्या जरा आधी, प्रोजेक्टर खाली नेला. प्रेक्षक रांगेत उभेच होते. पंपाच्या खोलीला पूजेसाठी ताजा चुना मारलेला, पडदाही तयार. वायर काकींच्या खिडकीतून घेतली. मिस्टरांनी ती स्वतः जोडली.

सेक्रेटरी उतरले. "ही सोसायटीची भिंत आहे."

"उजेडच तर टाकतेय. पुसायलाही लागणार नाही."

"कमिटीची परवानगी?"

"रांगेत उभं राहायला लागते का?" मी विचारलं. काकी मागून म्हणाल्या, "बाजूक व्हा ओ, दिसणा नाय."

फिल्म चालली. आपापल्या बालद्या ओळखून बाया हसून वाकल्या. "बघ गो, माझी कशी मागे येता! माझो नंबर तिसरोच!" हात येऊन गेला, पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला नाही. पाणी आलं तरी कोणी नळाकडे वळेना, पुन्हा लावायला लावली. तेव्हा काकी म्हणाल्या, "ह्यो हात कोणाचो?" सगळ्यांनी नळाखाली बघितलं. निळी बालदी तिथेच होती, भरून वाहत होती. सेक्रेटरींनी हात खिशात घातले आणि वर निघून गेले.

माणूस लगेच सुधारतो असं काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी निळी बालदी पुन्हा सगळ्यात पुढे होती. मी नवं रीळ घातलं आणि कॅमेरा कठड्याला बांधायला लागले. काकी बाहेर आल्या. त्यांनी निळी बालदी उचलली, सावकाश चालत रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली, पदर नीट केला आणि वर बघून विचारलं,

"घेतलंस मां गो?"

मी बटण दाबलं.