बांधलेलं बटण

प्रार्थनासभेत साक्ष द्यायला मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनची साक्ष दिली, सुनेच्या अवघड बाळंतपणाची दिली, आणि लोकांनी माझ्याबरोबर देवाचे आभार मानले. जी साक्ष खरी द्यायला हवी होती ती मात्र मी बारा वर्षं टाळली. दर वेळी उठताना वाटायचं, आज सांगून टाकू. तोंड उघडलं की पुन्हा गुडघाच आठवायचा. आता वय एकाहत्तर आहे. यापुढे टाळलं तर कायमचंच टळेल, म्हणून लिहून ठेवतो आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. पिंपळे गुरवहून कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या दणक्यात उभं राहायचं, अशी माझी पुष्कळ वर्षं गेली. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, आत जाऊच शकत नाहीत. पण त्यानं काम सावकाश होतं. म्हणून एक बटण जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीनं दाबून बांधून टाकायची आमच्याकडे पद्धत पडली होती. एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला. माल भराभर निघायचा. बाहेरचं कुणी तपासायला येणार असलं की पट्ट्या सुटून खिशात जायच्या, ते गेले की परत जागेवर. याला कुणी पाप म्हणत नव्हतं. मीही म्हणत नव्हतो.

ज्ञानोबा हा परभणीकडचा कंत्राटी कामगार. हाताला जलद आणि जिभेला त्याहून जलद. मी त्याला बटण बांधायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, देवानं दोन हात दिलेत, कंपनीला एकच पायजे व्हय?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. "फार बोलू नकोस, टार्गेट बघ," म्हणालो, आणि तो बांधेना म्हणून उजव्या बटणावर पट्टी मी स्वतःच्या हातानं गुंडाळली. चौथ्या दिवशी दुपारी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात त्याला मीच नेलं. पहिले दोन दिवस मीच त्याच्याजवळ बसलो, कारण त्याची बायको गावाहून यायची होती. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. "चौकशी होणार. तुमची दोनच वर्षं राहिलीत. पट्टी कुणी बांधली, ते तुम्हीच आठवून लिहा," एवढंच तो म्हणाला. मी नीट, वळणदार अक्षरात लिहिलं की कामगारानं सूचना मोडून स्वतः बटण बांधलं. कागद घेऊन दवाखान्यात गेलो. ज्ञानोबाच्या डोळ्यांवर औषधाची गुंगी होती.

"काय लिवलंय साहेब?"

"तुझ्या भल्याचंच आहे."

"मग वाचायचं काय त्यात," तो म्हणाला.

सही करायला उजवा हात नव्हता. मी त्याचा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. त्या कागदावर त्याची भरपाई अडली, आणि महिनाभरात नवराबायको गावाकडे निघून गेली. मला निवृत्तीच्या दिवशी शाल आणि घड्याळ मिळालं. पुढच्या वर्षी चर्चनं मला पंच म्हणून निवडलं. तरुण संघात मी न्यायावर बोलायचो. अन्याय करणाऱ्या राजाच्या तोंडावर त्याचं पाप सांगणाऱ्या संदेष्ट्यांबद्दल तर फार रंगून बोलायचो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. लोक वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून दोन्ही हात पुढे करतात. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवतात आणि पंच बाजूला तुकड्यांची थाळी धरून चालतो. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी थाळी माझ्याकडे होती. अर्पण वेदीशी ठेवून आधी दुखावलेल्या भावाकडे जा, असा त्या दिवशीचा उपदेश होता. तो मी जन्मभर ऐकत आलो होतो, त्या दिवशीही नुसता ऐकला. मग कठड्याच्या शेवटाला दोन हात पुढे आले. डाव्या हातावर उजवा, आणि उजव्या हाताची तीन बोटं नव्हती.

तो ज्ञानोबा नव्हता. तिशीतला, मी कधीही न पाहिलेला माणूस होता. पण माझ्या हातातली थाळी कलली. कडेचे तुकडे घरंगळले. मी ती सावरू शकत नव्हतो, हे मला स्वच्छ कळत होतं. तेवढ्यात त्या माणसानं उठून थाळीला खालून हात लावला, तोच हात. "असू द्या काका, मी धरतो," तो हळूच म्हणाला. त्यानं थाळी धरली आणि मी त्याच्या जागी गुडघ्यांवर बसलो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांवर, कितीतरी वर्षांनी. माझ्या हातात त्या दिवशी भाकर पडली, पण ती मला तोंडात घालवेना.

उपासनेनंतर मी त्याला शोधलं. देहूरोडहून कुणा नातेवाइकाकडे आला होता आणि दुपारच्या आत परत गेला, एवढंच कळलं. त्याची बोटं कुठल्या यंत्रात गेली, की आणखी कशात, मला ठाऊक नाही. तो कुणी पाठवला असं मी म्हणत नाही. तो आला होता, एवढं मी सांगतो.

त्याच दिवशी पाळकांना सगळं सांगितलं. ते माझ्या मुलाहून लहान आहेत. त्यांनी माझी समजूत घातली नाही. "देव क्षमा करतो, हे सांगायचा मला अधिकार आहे, काका," ते म्हणाले. "पण जे कागदावर लिहिलंत ते नुसत्या प्रार्थनेनं पुसणार नाही. ते कागदावरच खोडायला हवं."

घरी मुलगा संतापला. त्याच्या दोन गाड्या त्याच कंपनीचा माल वाहत होत्या. "त्या माणसाची बोटं परत येणार आहेत का बाबा? आमचं मात्र जाईल." बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "थाळी धरायची मोठी हौस होती ना तुम्हाला. आता धरा." मी तीन आठवडे काहीच केलं नाही. मी पापी आहे, असं दर रविवारी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणणं सोपं असतं. पट्टी मी बांधली, अंगठा मी दाबला, असं एकट्यानं म्हणणं अवघड.

चौथ्या आठवड्यात खरं काय घडलं ते मी लिहून काढलं आणि तो कागद घेऊन कारखान्यांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. बाबूनं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. "काका, घरी जा. एवढ्या जुन्या फायली कोण काढतंय?" मी म्हणालो, "फाईल नका काढू. पण शिक्का मारून प्रत द्या." दोन तास बाकावर बसल्यावर शिक्का मिळाला. एक प्रत मी कंपनीत नेऊन दिली. दोन महिन्यांत मुलाच्या गाड्यांचं काम बंद झालं. तो अजून माझ्याशी मोजकंच बोलतो.

शिक्क्याची प्रत घेऊन मी ज्ञानोबाच्या गावी गेलो. त्यानं मला लांबूनच ओळखलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, आपले साहेब आलेत. दवाखान्यात उशाशी बसले होते ते." मला पाणी दिलं, खाट टाकली. मी कागद पुढे केला.

"काय लिवलंय साहेब?" त्यानं विचारलं.

"वाच," मी म्हणालो. "या वेळी तू वाच."

त्यानं उरलेल्या दोन बोटांत कागद धरून सावकाश, ओठ हलवत वाचला. शेवटपर्यंत वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग घडी घातली, उठला आणि घरात गेला. आतून कडी लागली.

थोड्या वेळानं त्याची बायको मागच्या दारानं चहा घेऊन आली. "ते म्हनले, चहा घेऊन जावा. बस साडेचारला हाय."

"आणखी काही म्हणाले?"

"न्हाई."

दार हाताच्या अंतरावर होतं. मोठ्यानं बोललो असतो तर आत ऐकू गेलं असतं. पण दाराआडच्या माणसाला माझी माफी ऐकायला लावणं म्हणजे पुन्हा त्याचा अंगठा धरून दाबणं, असं मला वाटलं. क्षमा करायची की नाही, हे पहिल्यांदाच सर्वस्वी त्याच्या हातात होतं. तिथे मी माझी घाई देवाच्या हवाली केली. ज्या घरात मला पाणीही मिळायला नको होतं तिथे चहा मिळाला, त्याबद्दल मनातल्या मनात आभार मानले आणि तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. कप विसळून ओट्यावर पालथा ठेवला.

"ज्ञानोबा, माझं चुकलं, मला माफ कर," एवढे शब्द मी पिंपळे गुरवहून घेऊन निघालो होतो. साडेचारच्या बसनं ते माझ्याबरोबरच परत आले.