वळच्या ओट्याची उंची

आमच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी पुन्हा साचतात. एक कटरची पांढरी धूळ आणि दुसरे गिऱ्हाइकांचे किस्से. धूळ निदान पाणी मारलं की बसते.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि भिवंडीत, अंबाडी रोडला, मामाच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानात बसायला लागले. तेव्हा आजूबाजूला गोडाऊनं आणि बंगले भराभर उठत होते. प्रत्येक बंगल्यात स्वयंपाकाचा ओटा. त्याचा दगड पसंत करणार नवरा, सासरा नाहीतर कॉन्ट्रॅक्टर, आणि जन्मभर त्याच्यापुढे उभी राहणार बाई. हे बघून माझं डोकं फिरायचं. मी ठरवलं, माझ्या हातून जाणारा दगड खरं सांगून जाईल आणि बाईला विचारून जाईल.

मामा म्हणाला, "विचार ना. पण दगड जाऊ दे."

*

एक पॉवरलूमवाले शेठ आले. त्यांना किचनमध्ये पांढराशुभ्र मार्बलच हवा होता.

मी सांगितलं, मार्बलवर लिंबू, चिंच, टोमॅटो, काहीही आंबट सांडलं की पॉलिश जातं. त्यांना पटेना. मग मी त्यांच्यासमोरच एका तुकड्यावर लिंबू पिळलं. चहा येऊन पिऊन झाला, तेव्हा पुसून दाखवलं. चकाकत्या दगडावर मळकट डाग पडला होता, आणि तो काही केल्या जाईना.

शेठनी त्या डागावरून बोट फिरवून बघितलं. मग मामाकडे वळून म्हणाले, "ठीक है. यही पत्थर दे दो. नींबू हम बंद कर देंगे."

मी मामाकडे बघितलं. मामा मापाची टेप शोधत होता.

*

एका मावशींना मी ग्रॅनाइटचा छोटा तुकडा घरी नेऊन बघायला दिला. म्हटलं, हळद आणि तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. डाग राहिला तर समजायचं, हा दगड तेल-पाणी पितो. मग त्याला वरून सीलर मारावा लागेल.

मावशी गेल्या त्या गेल्याच. महिन्याभराने उगवल्या.

"मग? राहिला का डाग?"

"डागाचं न्हाय बघितलं गं. बरणीत कैरीवर दाब ठेवाला घेतला. लोनचं काय मुरलं म्हनून सांगू. असाच आनखी एक दे."

"आणि ओट्याचं काय ठरलं?"

"ओटा हाय की घरात. कडप्प्याचा. चांगला हाय."

मग त्या पहिल्यांदा दुकानात कशाला आल्या होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

*

काळ्या ग्रॅनाइटला कधीकधी वरून रंग चढवलेला असतो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घ्यायचं आणि दगडावर घासायचं. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला. ही टेस्ट मी येईल त्या गिऱ्हाइकाला शिकवायचे.

एकदा एका जोडप्यासमोर आमच्याच काळ्या ग्रॅनाइटच्या स्लॅबवर फडकं घासलं. काळंकुट्ट.

मामा म्हणाला, "धूळ आहे."

"मामा, आपली धूळ पांढरी असते."

आता हे दोघं भडकणार म्हणून मी माफी मागायच्या तयारीत होते. तर नवऱ्याने विचारलं, "म्हणजे याला कलर पण मारलाय? त्याचा वेगळा चार्ज नाही ना?"

मी तो स्लॅब त्यांना घेऊ दिला नाही. ती दोघं भडकली, पण माझ्यावर.

मामाने संध्याकाळी मला समोर बसवलं. "वळ गावच्या दत्तूशेठच्या बंगल्याचा ओटा तू एकटीने कर. माप, दगड, फिटिंग, सगळं. त्या घरची बाई खूश झाली तर काउंटर तुझा. नाहीतर उद्यापासून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास."

*

वळचे दत्तूकाका म्हणजे सहा फुटी माणूस. गोडाऊनं भाड्याने दिलेली, गावात शब्दाला वजन. दगड बघायला दुकानात आले, सोबत बायको, ठेंगण्याशा कमळकाकी. मी पहिल्यापासून फक्त काकींशीच बोलायचं ठरवलं होतं.

"काकी, तुम्हाला कुठला आवडतो?"

"कंचा पन दे," काकी म्हणाल्या आणि रस्त्यावरचे ट्रक बघायला लागल्या.

प्रश्न सगळे काकांचे. गरम टोप थेट ठेवला तर तडा जाईल का? कोकमाचं आगळ सांडलं तर? मासळीचा वास धरतो का? बायकोला बोलूच देत नव्हते! शेवटी मी म्हटलं, "काका, काकींना विचारू द्या ना." काका मागे सरले. काकी पुन्हा ट्रक बघायला लागल्या.

*

माप घ्यायला बंगल्यावर गेले. काकींना म्हटलं, कोपर वाकवून उभ्या राहा. कोपराच्या चार बोटं खाली ओटा आला की कंबर धरत नाही.

"मी कशाला?" काकी म्हणाल्या.

"तुम्हीच. हक्क आहे तुमचा."

काकींनी काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे.

"बाय, जरा उंच ठेव," काका हळूच म्हणाले. "घराला शोभल असा."

"ओटा शोभेला नसतो काका. एकदा सिमेंटमध्ये बसला की हलत नाही. कंबर कुणाची मोडणार?"

काका काहीतरी बोलणार होते. पण दारात मिस्त्री आणि दोन गाववाले येऊन उभे राहिले, तसं त्यांनी तोंड मिटलं. मी काकींच्या कोपराच्या मापाने भिंतीवर बत्तीस इंचांवर खूण केली.

*

ओटा बसला. काही दिवसांनी तो कसा जपायचा ते सांगायला मी न कळवताच वळला गेले. काकी ओटीवर उभ्या राहून एका ट्रकवाल्याला गोडाऊनची किल्ली देत होत्या.

"काकी, ओटा बरोबर झालाय ना? कंबर दुखत नाही ना?"

"माझ्या कमरेला काय धाड भरलीय? चांगली हाय."

मी जोरात सुरू केलं. हळद सांडली तर लगेच पुसायची, ॲसिड अजिबात लावायचं नाही, साधा साबण...

"मला कशाला सांगतेस?" काकी म्हणाल्या. "आत जा."

आत दत्तूकाका होते. अंगात बनियन, खांद्यावर फडकं. दोन्ही पाय लांब फाकवून, पाठीची कमान करून ते बोंबलाचं कालवण ढवळत होते. मला बघून पळी थांबली. एक हात कमरेवर गेला.

"ये बाय," ते म्हणाले. "जेवून जा. आनि गावात बोलू नको."

दुकानात परतले तर मामा काउंटरवर वाट बघत होता. "काय गं, वळची बाई खूश?"

मी म्हटलं, "बाई एकदम खूश."