राखेतलं बियाणं

सून राख चाळून वालाचं बी डब्यात भरत होती. त्या वासानं निरवांगीचं आमचं जुनं परस आठवलं. माझी बायको भाज्यांचं बी मडक्यात राखेत ठेवायची आणि तोंड शेणामातीनं लिंपायची. एकदा वळवाच्या दिवसांत मित्राला मूठभर बी द्यायला मी मडकं उघडलं आणि लिंपलं ते आठवड्यानं.

पेरायच्या वेळी सगळं बी बुरसलेलं निघालं.

"हिच्या हाताला गुणच न्हाय," आई शेजारणींसमोर म्हणाली. मी भाकरी मोडत राहिलो.

लिंपणावर रुंद बोटं उमटली होती. बायकोनं त्यांवरून हात फिरवला, माझ्याकडं पाहिलं.

"व्हय आत्याबाई, चुकलं माझं."

आज सुनेला खरं सांगितलं. ज्यांना सांगायचं होतं, त्या दोघीही आता नाहीत.