झुलत्या पुलापाशी वाजवलेली शिट्टी

चहा घेणार असाल तर आधी पिऊन घ्या. हा किस्सा ऐकताना शेजारच्या काकींच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं! घोळ मी घातला, हे मान्य. पण त्यात माझा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, ते तुम्हीच ठरवा.

मी कमी बोलते. अगदीच कमी. कोणी काही विचारलं की मी मान हलवते, आणि तीही होकारार्थीच. कारण ‘नाही’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘का गं?’ ‘हो’ म्हटलं की माणसं समाधानाने निघून जातात.

म्हणूनच मी शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकात गेले. तिथे बोलावं लागत नाही. शिट्टी वाजवायची, हात आडवा धरायचा, बाकीचं काम शिट्टी करते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हृषीकेशला जाणार, हे आमच्या सरांना कुठून तरी कळलं.

“वा! तिथला झुलता पूल प्रसिद्ध आहे. त्यावरून चालताना कसं वाटलं, ते परत आल्यावर सगळ्या पथकासमोर येऊन सांगायचं. सांगशील ना?”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

 मनाशी ठरवलं, निदान पूल तरी नीट पार करायचा. नाहीतर बोलायला उभी राहून सांगणार काय?

आता पुलाआधी आमचा साकव सांगायला हवा. आमची केळीची वाडी वसईजवळ सांडोरला. रस्ता आणि वाडी यांच्यामध्ये एक ओहोळ आहे आणि त्यावर माडाच्या दोन खोडांचा साकव. त्याचा नियम पक्का. एका वेळी एकच माणूस. ओझंवाला आधी, रिकाम्या हाताचा मागून. पाय घसरू नये म्हणून चपला काढून हातात. समोरून कोणी केळीचा घड घेऊन येत असेल तर आपण काठावर थांबायचं, मग तो मधे उभा राहून विडी का पेटवेना! या नियमावरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत, अबोले झाले आहेत, आणि एक लग्न मोडता मोडता राहिलं आहे.

तर आम्ही हृषीकेशला पोहोचलो. पप्पा, नलू आत्या आणि मी. आई वाडीचं पाणी बघायला घरी थांबली होती. आत्याला पलीकडच्या काठावरची संध्याकाळची आरती बघायची होती. वर्षभर तिने तोच घोशा लावला होता. सहलीची बस अलीकडच्या काठावर उभी, आणि आरती संपली की निघायचं असं ठरलेलं.

पुलाच्या तोंडाशी आलो आणि पप्पा थांबले. वर जाडजूड दोर, खाली खळाळती गंगा, आणि पुलावर? माणसंच माणसं! मधून एक स्कूटर हॉर्न वाजवत चाललेली. तिच्यामागे एक बैल, अगदी घरच्यासारखा.

“हे काय चाललंय?” पप्पा भडकलेच. “एवढी माणसं एकदम? दोन्ही बाजूंनी? काही शिस्त आहे की नाही!”

“खाली पानी बघ रे केवढा!” आत्याने माझा दंड घट्ट धरला. “मी नाय बाबा जायची.”

“थांब, नलू. पूल रिकामा होऊ दे, मग जाऊ.”

आम्ही थांबलो. किती वेळ, विचारू नका. आमच्या बाजूला शेंगदाणेवाल्याची आख्खी टोपली संपली, पण पूल काही रिकामा होईना. ऊन कलायला लागलं. आत्याचा चेहरा इतका उतरला की मलाच रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात पप्पांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. गळ्यात शिट्टी होती. ‘ही पोरगी हरवली तर तोंडाने ओरडणार नाही,’ म्हणून आईने ती घालायला लावली होती.

“वाजव ती!”

“पप्पा, इथे?”

“मग? रस्त्याची सुरक्षा काय वसईपुरतीच असते?”

आता सांगा, वडिलांनी सांगितलेलं ऐकायचं की नाही? मी शिट्टी वाजवली आणि हात आडवा धरला, अगदी शिकवल्यासारखा.

आणि लोक थांबले! खरंच थांबले! पलीकडच्या लोकांनी इकडची गर्दी थांबलेली पाहिली आणि तेही थांबले. का, ते कोणी विचारलंच नाही. जे पुलावर होते ते भराभर उतरले. फक्त बैलाने शिट्टी मानली नाही. तो त्याच्या वेळेने गेला.

पूल रिकामा झाला. “चल नलू, तू आधी,” पप्पा म्हणाले. “ओझं तुझ्याकडे आहे.”

ओझं म्हणजे वाडीतल्या सुकेळ्यांची पिशवी, आमच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली. प्रवासात भूक लागली तर खायला आणलेली. आत्याने ती डोक्यावर घेतली, चपला काढून हातात धरल्या आणि देवाचं नाव पुटपुटत निघाली. त्या दिवशी तिने नेमकी केशरी साडी नेसली होती.

आता जरा गर्दीच्या डोळ्यांनी बघा. शिट्टी वाजते, सगळा पूल मोकळा होतो आणि त्यावरून केशरी साडीतली एक बाई अनवाणी, डोक्यावर गाठोडं घेऊन, ओठ हलवत, एकटीच संथपणे चालत जाते.

माझ्या शेजारच्या बाईंनी हात जोडले. “बेटा, ये माताजी कौन हैं? कोई बडी संत हैं?”

एवढी माणसं माझ्याकडे बघत होती! मी मान हलवली.

“हमेशा नंगे पाँव चलती हैं?”

साकवावर तर हमखास. मी मान हलवली.

“गठरी में प्रसाद है?”

देवाच्या दारात नेलेली केळी म्हणजे प्रसादच की! मान हलवली.

“और तुम बोलती नहीं? मौनव्रत है?”

काय सांगू? मान आपोआपच हलली.

मग काय! ही बातमी आत्याच्या आधी पलीकडे पोहोचली. फोन करून कळवली असणार, दुसरं काय! आत्या उतरली तर लोक तिच्या पाया पडायला लागले. तिला वाटलं, इथली हीच रीत असेल. तिने पिशवी सोडली आणि प्रत्येकाच्या हातावर सुकेळ्याचा तुकडा ठेवायला सुरुवात केली. आमची सुकेळी! मला अलीकडे एक तुकडा मिळाला नाही!

मग पप्पा गेले, तेही एकटे, अनवाणी. त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ पडलेली मला लांबून दिसली. दोघांना आरतीला अगदी पुढे बसवलं.

आता माझी पाळी. मी हात खाली घेतला, एक पाऊल उचललं, आणि सगळी गर्दी माझ्या अंगावरून पुलावर घुसली. सगळ्यांना माताजी बघायच्या होत्या. मी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. कोणी ढुंकून बघेना! लोकांसाठी वाजवली तेव्हा शिस्त, माझ्यासाठी वाजवली तेव्हा काहीच नाही?

एकाने मात्र ऐकली. खाकी कपड्यातल्या पहारेकरी काकांनी.

“सीटी किसने बजाई?”

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी!

“अकेली हो?”

मी मान हलवली. हो, हलवली. सवय आहे हो ती, मी काय करू?

त्यांनी मला चौकीजवळच्या बाकावर बसवलं. “नाम क्या है? बोलो!”

“साहब, इनका मौन है,” मघाच्या बाई मधेच म्हणाल्या.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले. “काही मौनबिन नाहीये माझं! ती माझी आत्या आहे, संतबिंत कोणी नाही! सांडोरला केळीची वाडी आहे आमची! आणि मला पण पलीकडे जायचंय!”

 बाईंचे डोळे भरून आले. “मौन टूट गया!”

“क्या बोलीं?” मागून कोणीतरी विचारलं.

“संस्कृत!”

पहारेकरी काकांनीही टोपी काढली. पण शिट्टी ठेवून घेतली.

आरती संपली आणि पप्पा आणि आत्या गर्दीतून, स्कूटरच्या बाजूने, गप्पा मारत परत आले. हो, त्याच भरलेल्या पुलावरून! आत्या हसत म्हणाली, “काय हलत-बिलत नाय गो. उगाच घाबरलो आपण.”

“पप्पा, मी एकदा पटकन जाऊन येऊ?”

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. “आता वेळ कुठाय? तेव्हाच आमच्या मागून यायचं नाही का? तोंड शिवलंय का तुझं?”

तोंड शिवलंय! मला! तेव्हापासून मी जेवताना नुसतं “आमटी वाढ” म्हटलं तरी आत्या हात जोडते, “मौन सुटलं गो बाय, मौन सुटलं!”

सुट्टी संपली. सरांनी सगळ्या पथकासमोर मला बोलावलं. ओळीने उभ्या मुली, मुलं, सगळे डोळे माझ्यावर. तोंड उघडायचं, खरं काय ते सांगून टाकायचं, हे मी रात्रभर घोकलं होतं.

“मग काय,” सरांनी कौतुकाने विचारलं, “झुलत्या पुलावर चाललीस ना? चालताना हलतो का गं खूप?”

मी मान हलवली.