राहून गेलेली धुरी

पालोमार डोंगराच्या पायथ्याशी आम्हा इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. तिथे कुणी नव्या घरात राहायला गेलं, कुणाच्या घरातलं माणूस वारलं, किंवा एखाद्या घरात उगाचच रोज भांडणं व्हायला लागली, की लोक फिलोमेनामावशीला बोलावतात. मावशी येते ती हसतच. काखेत पिशवी, पिशवीत मोठा शिंपला, पिठाच्या जुन्या डब्यात पांढऱ्या सेजचा, म्हणजे डोंगरातल्या एका उग्र वासाच्या झुडपाचा, वाळलेला पाला. आधी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायला लावते, कुत्रं बाहेर काढते, टीव्ही बंद करते. मग शिंपल्यात चिमूटभर पाला पेटवून फुंकर मारते. ज्वाळा विझली की करडा, कडसर वासाचा धूर वर चढतो. तो हाताने कोपऱ्याकोपऱ्यात लोटत ती घरभर फिरते, आणि तोंडाने हळू आवाजात घराशी बोलत असते.

ट्रिनाच्या घरी ती गेली तो उन्हाळा होता. ट्रिना कॅसिनोत पत्ते वाटायचं काम करते. तिचा नवरा नुकताच सामान घेऊन कायमचा निघून गेला होता.

"मावशी, तो गेला, पण त्याची आरडाओरड अजून भिंतींत बसलीय बघ," ट्रिना म्हणाली.

"बसू दे की. आत्ता खोकायला लागेल," मावशी म्हणाली. "फक्त एक सांगून ठेवते, धुराने घर साफ होतं, बाईची आवड सुधारत नाही. पुढचा नीट बघून आण."

ट्रिना हसता हसता रडली. काम झाल्यावर तिने मावशीला बीन्स आणि तव्यावरच्या गरम रोट्या वाढल्या. मावशी जेवली, आणि संध्याकाळी आपल्या घरी आली. त्या घरात मात्र लेलंड गेल्यापासून धुरी दिलेली नव्हती.

लेलंड तिचा नवरा. वस्तीच्या वणवा विझवणाऱ्या टोळीत त्याने उभा जन्म काढला. त्यांची ओळख झाली तेव्हा फिलोमेना वणव्याच्या छावणीतल्या धुलाईखान्यात कामाला होती. माणसं डोंगरावरून उतरायची, कपडे ढिगात फेकायची आणि तंबूत जाऊन मेल्यासारखी झोपायची. ढिगातल्या प्रत्येक शर्टाला राखेचा, डिझेलचा आणि घामाचा एकच वास असायचा. एका शर्टाच्या खिशात मात्र रोज हिरवा पाला निघायचा. कधी सेज, कधी ओकची कोवळी डहाळी. आगीच्या पुढे पळता पळता हा कोण वेडा पाला खुडतो, म्हणून ती बघायला गेली. तंबूच्या दारात एक लांब पायांचा मुलगा मोजे वाळत घालत होता.

"वास येतो म्हणून खिशात ठेवतो," तो म्हणाला. "दिवसभर जळलेलंच नाकात जातं. न जळलेलं कसं असतं ते विसरायला होतं."

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

पुढे सगळे उन्हाळे सारखेच गेले. डोंगराच्या मागे धूर दिसला की लेलंड बूट चढवायचा आणि निघायचा. फिलोमेना कामावरून आली की ओट्यावर बसून त्या धुराकडे बघत राहायची. मूलबाळ झालं नाही. वाट बघणं हेच तिचं सांभाळायचं लेकरू झालं. तो परत आला की ती त्याला दारातच अडवायची, "आधी नळाखाली! माझ्या पडद्यांना वास लागतो." तो हसायचा, आणि मुद्दाम तसाच येऊन तिच्या गळ्यात पडायचा. पडद्यांना, उशांना, कपाटाच्या लाकडाला, सगळ्याला त्याचा वास लागलेला होता. ती वर्षभर धुवायची, आणि तो काही जायचा नाही.

शेवटी त्याच्या फुप्फुसांनीच दगा दिला. निवृत्त होऊन घरी बसला, तिला वाटलं आता हा माणूस माझा. तर खोकला लागला, आणि दोन हिवाळ्यांत तो गेला. सगळं रीतीप्रमाणे झालं. रात्रभर गाणाऱ्यांनी खुळखुळे वाजवत गाणी म्हटली, त्याला पुरलं, त्याचे कपडे जाळले. कपडे गोळा करायला नणंद आली होती, बर्नडीन. लेलंडची धाकटी बहीण, कमी बोलणारी, मोठ्या हाडाची बाई. फिलोमेनाने शर्ट, बूट, टोपी, सगळं हू की चू न करता काढून दिलं.

"आणि घराला धुरी?" बर्नडीनने विचारलं.

"देते. पाला आणते आणि देते."

ती गेलीही होती पाला आणायला. वस्तीच्या मागच्या टेकडीवर तिची आई जायची, तिथेच ती जायची. पण टेकडीवर पोचली आणि बघतच राहिली. चोरांनी अख्खी उतरण कापून नेली होती. शहरातल्या दुकानांत या पाल्याच्या जुड्या विकल्या जातात, त्यासाठी रात्री गाडी घेऊन माणसं येतात, पोती भरतात. झुडपांची नुसती खुंटं उरली होती, काही तर मुळासकट उपटलेली. फिलोमेना दगडावर बसून रडली. टेकडीसाठी रडली, आईसाठी रडली. पण उठताना तिच्या लक्षात आलं, की आत कुठेतरी आपल्याला हायसं वाटलंय. आता धुरी द्यायची नाही, असं म्हणायला कारण मिळालं होतं.

डब्यात जुना पाला होता. तो ती दुसऱ्यांच्या घरी वापरत राहिली. स्वतःच्या घरात ती खिडक्यासुद्धा उघडेना. उन्हाळ्याचा धगधगता दिवस असला तरी दारं बंद. संध्याकाळी कॉफी करायची ती दोन कप. मधल्या खोलीत जमिनीची फळी वाजली की ती हातातलं काम थांबवायची. कधी कधी खोकल्यासारखा आवाज यायचा. पाइपचा असेल. पण ती म्हणायची, "आले हं, आले," आणि उठून उगाचच त्या खोलीत जाऊन उभी राहायची. तिथे त्याचा वास दाट असायचा. तेवढं तिला पुरायचं, आणि पुरायचंही नाही.

हे उघडं पडलं ते ट्रिनामुळे. वस्तीच्या सभागृहात कुणाच्या तरी बारशाचं जेवण होतं. फिलोमेना आणि बर्नडीन शेजारी बसून ओकच्या फळांची खीर खात होत्या. ट्रिना आली आणि मावशीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "धुरी दिल्यापासून काय गाढ झोप लागते गं, मावशी!"

ती पुढे गेली. बर्नडीनने चमचा खाली ठेवला.

"पाला मिळत नाही म्हणालीस मला."

फिलोमेना खीर ढवळत राहिली.

"ट्रिनाच्या घरात काय, वर्तमानपत्र जाळलंस?"

"बर्नी, इथे नको."

"मग चल तुझ्या घरी."

घरात शिरल्या शिरल्या बर्नडीन दारातच थबकली. तिने नाकाने खोल श्वास घेतला आणि तिचा चेहराच बदलला. आपल्या भावाचा वास तिलाही ओळखता येत होता.

"कुणाला सांगू नकोस," फिलोमेना म्हणाली. "जन्मभर त्याची वाट बघितली गं मी. आता कुठे तो घरी आहे. धुराने भरलेल्या माणसाला मी धुरानेच हाकलू?"

बर्नडीन खुर्चीत बसली. तिने टेबलावरचे दोन कप बघितले.

"माझ्या स्वप्नात येतो तो," ती म्हणाली. "बूट घातलेले, पाठीवर सामान. दारात उभा असतो आणि मला विचारतो, बर्नी, गाडी कुठे राहिली? सगळे पुढे गेले. दर वेळी हेच. मला वाटायचं माझंच काही चुकतंय." तिने एक कप बाजूला सारला. "तुला सोबत पाहिजे, कळतं मला. पण तो घरी नाहीये, फिलोमेना. तो दारात अडकून उभा आहे. तुला माहितीय त्याला ताटकळत राहण्याचा किती तिटकारा होता."

फिलोमेनाला ते माहीत होतं. ताटकळायचं काम तिचं होतं, त्याचं कधीच नव्हतं. ती उठली आणि सिंकमध्ये दोन्ही कप धुवायला लागली. धुता धुता पाठमोरीच म्हणाली, "डब्यातला पाला जुना झालाय. त्याच्यासाठी ताजा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बर्नडीनच्या गाडीतून दोघी नदीपलीकडे गेल्या. बर्नडीनच्या आजीची एक उतरण होती, कुणाला फारशी ठाऊक नसलेली. तिथे सेज कमरेएवढी वाढली होती, उन्हात पानं चांदीसारखी चमकत होती. खुडण्याआधी झुडपाला विचारायचं असतं, कशासाठी नेतोय ते सांगायचं असतं. फिलोमेनाने हजार वेळा विचारलं असेल. त्या दिवशी तिने झुडपाला द्यायचा तंबाखू मुठीत धरला, ओठ हलवले, पण शब्द फुटेना. मग बर्नडीननेच विचारलं, आपल्या भाषेत, सरळ साधं. "भाऊ गेलाय. त्याला निरोप द्यायचाय. थोडं दे." फिलोमेनाने तंबाखू मुळाशी सोडला. एकेका झुडपाची दोन दोन टोकं खुडून दोघींनी ओंजळभर पाला घेतला आणि परत फिरल्या.

पाला वाळेपर्यंत फिलोमेनाने घर धुतलं नाही, झाडलंही नाही. मग एका सकाळी तिने स्वतःच्या हाताने खिडक्या उघडल्या. काही खिडक्या घट्ट बसल्या होत्या, बर्नडीनला खांदा लावावा लागला. शिंपला पेटला. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, न्हाणीघर. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी मावशीचे पाय थांबले. दुसऱ्यांच्या घरात ती घराशी बोलायची. इथे ती त्याच्याशी बोलली.

"लेलंड, हे बघ, गाडी आली असेल. उशीर माझ्यामुळे झाला, तुझ्या माणसांना तसं सांग. माझी काळजी करू नकोस. पडदे मी धुईन." मग तिला रडू आवरेना. "जा आता. जा रे. मागे वळून बघू नकोस, नाहीतर मी पुन्हा अडवीन."

बर्नडीन मागे उभी राहून हलक्या आवाजात गात होती. धूर खोलीभर फिरला, पडद्यांत घोटाळला, आणि उघड्या दारातून वाऱ्याबरोबर बाहेर पडला. दोघी दार उघडंच ठेवून ओट्यावर बसल्या. दुपारी बर्नडीनने अंडी तळली.

पुन्हा भावाचं स्वप्न पडलं नाही, असं बर्नडीन सांगते. फिलोमेनाचं तसं नाही. पहिले काही आठवडे तिला घरात बसवेना. फळी वाजायची, पण ती नुसती फळी असायची. उशीत नाक खुपसलं तर साबणाचा वास. पूर्वी वाट बघायला निदान डोंगरामागे धूर असायचा. आता बघायचं कुठे, हेच तिला कळेना. पण त्याला आपण अडवून धरलं नाही, याचं एक समाधान तिच्या चेहऱ्यावर हळूहळू आलं. बर्नडीन आता रविवारी जेवायला येते आणि दोघी पत्त्यांवरून कडाकडा भांडतात.

मावशीला लोक अजून बोलावतात. फक्त आता ती एक प्रश्न विचारते. परवा एका म्हाताऱ्याची बायको गेली, पोरांनी मावशीला आणलं. तिने शिंपला काढला नाही. म्हाताऱ्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुझी तयारी आहे का?"

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही.

पोरं कुरकुरायला लागली. मावशीने त्यांना हाताने गप्प केलं. "मग आज नको," ती म्हणाली. "आज तिच्याबद्दल सांग. मला वेळ आहे."

म्हातारा बोलायला लागला. मावशी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होती.